महिरपीला किती कापड

शेंगदाण्याच्या पुडीवर माझी महिरप होती. आधी मला ती दिसलीच नाही. माळीवाड्याच्या स्टँडवर आक्काला राहात्याच्या गाडीत बसवून दिलं होतं, आणि तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं बजावलं होतं, "मने, कापू नको गं, पुरायचं न्हाई ते!" गाडी हलली, गायवासराचं चित्र रंगवलेल्या भिंतीपाशी वळली, आणि वळेपर्यंत तिचा हात नुसता "कापू नको, कापू नको" असाच हलत राहिला, निरोपाचं त्यात काही नव्हतं. आक्का गेली की मला भूक लागते, लहानपणापासून. दाणे घेतले, बाकावर बसले आणि सवयीनं पुडीचा कागद उलगडत गेले. माझं शिक्षण चौथीपर्यंत शाळेत आणि पुढचं सगळं पुड्यांवर झालेलं आहे. साखरेच्या पुडीवर मी अर्ध्या अर्ध्या कादंबऱ्या वाचल्या, हळदीच्या पुडीवर कोर्टाचे निकाल, खोबऱ्याच्या पुडीवर एकदा हिमालय. कशाचाच शेवट मला ठाऊक नाही, पण माहिती पुष्कळ आहे. तर तळाशी चार दाणे उरले असताना त्या कागदावर एक कमान दिसली. कमानीच्या पोटात तळापासून शेंड्यापर्यंत एक मोठा त्रिकोण, त्याच्या दोन्ही उतारांवर उरलेल्या फुगीर जागेत दोन लहान त्रिकोण, आणि त्यांच्याही उतारांवर चार चिमुकले. खाली किरटं इंग्रजी अक्षर. ते मला लागत नाही, पण चित्र काही इंग्रजीत नसतं. ही माझ्या आईची महिरप होती. डोंगर, त्याच्या खांद्यावर दोन पोरं, पोरांच्या खांद्यावर चार नातवंडं, असंच म्हणायची ती तुकडे लावताना. आणि चित्राच्या खाली बरोबरच्या खुणेच्या दोन आडव्या रेघा होत्या, आणि त्या रेघांच्या पुढं कागद फाटलेला होता.

मी तिथं किती वेळ बसले कोण जाणे. शेवगावची गाडी लागली, सुटली. कुणाच्या तरी कोंबडीनं माझे दोन दाणे नेले. महिरपीच्या पुढं बरोबर काय असू शकतं? आमच्यात महिरपीच्या पुढं पाळणा असतो. घरात बारसं असलं की पाळण्यामागं भिंतीवर महिरप लावायची, आणि ती घरातल्या गेलेल्या बाईच्या लुगड्यातून करायची, म्हणजे ती पोराच्या पाठीशी उभी राहते. आक्काच्या नातीचं बारसं आठ दिवसांवर आलं होतं आणि गेलेली बाई आमची आई, छबूबाई. तिचं एकच हिरवं इरकली लुगडं मागं राहिलं होतं. तेही अख्खं नव्हे. आई गेली त्या साली आम्ही दोघी बहिणी त्या लुगड्याची दोन टोकं धरून खरोखर ओढत होतो. मालनबाई शेजारणीनं मध्ये कात्री चालवली म्हणून आम्ही दोघी दोन्हीकडं पडलो. पदर आक्काकडं गेला, त्याला ती कात्री लागू देत नाही; उरलेलं माझ्याकडं. नंतर दोन वर्षं आम्ही बोललो, पण आल्यागेल्या पाहुण्यांसारखं, "चहा घ्या, बसा" इतपत. आता कुठं ती पुन्हा मला मने म्हणायला लागली होती. माझ्याकडच्या तुकड्यातलं बरंचसं विरून जाळी झालेलं. धड कापड लांबीला चोवीस इंच, पन्हा अठ्ठेचाळीस. महिरप तळाला अठ्ठेचाळीस आणि उंच छत्तीस. आक्कानं ओसरीत बसून विटीदांडूत मोजतात तसं वीत टाकून टाकून मोजलं होतं. "छत्तीस इंच, म्हंजी पुरता एक वार पायजे. हाय चोवीस. मधी टेरिलिनचा तुकडा घालावा लागंल. आन आईच्या महिरपीत टेरिलिन घालन्यापरीस नकोच ती." महिरप चौकोनी असती तर तिचं बरोबर होतं. पण महिरप चौकोनी नसते, आणि वरचे दोन कोपरे फुकट जातात, त्यांचं किती? कुठल्याही शिंप्याला विचारा, तो चौकोनच मोजेल, कोपरे कापून बोळे करून फेकेल. मीही शिवणकामात वीस वर्षं तेच करत आले. पण एकदा कात्री लावली की लावली. चुकले तर आई दुसऱ्यांदा जाणार, आणि या खेपेला माझ्या हातानं. आक्काच्या तोंडचं "मने" त्याच्याबरोबर.

घरी आल्यावर मी ओसरी झाडून घेतली आणि जमिनीवर महिरप आखायला बसले. न कापता आखायला काय जातं! आमची आखायची रीत अशी: तळाच्या दोन्ही टोकांपासून दोन दोरे तिरपे वर न्यायचे आणि महिरपीच्या दुप्पट उंचीवर त्यांची गाठ मारायची. दोन्ही दोऱ्यांवर सारख्या अंतरानं आठ-आठ खुणा. मग इकडची खालची पहिली खूण तिकडच्या वरच्या पहिलीला, इकडची दुसरी तिकडच्या दुसरीला, असे दोरे बांधत जायचं. एकही दोरा वाकडा नसतो. सगळे सुतासारखे सरळ. पण बांधून झाले की त्यांच्या पोटात आपोआप एक वळण उतरतं, कुणी न काढलेलं. लहानपणी मला वाटायचं आई जादू करते. पुढं स्वतः संसार केल्यावर कळलं की सरळ सरळ गोष्टी एकमेकींना अडवत गेल्या की वळण पडतंच. दोरे बांधून मी गुडघ्यांवर बसले होते तेवढ्यात दारात शेवाळे सर उभे राहिले. कॉलेजात गणित शिकवतात, गल्लीच्या टोकाला राहतात, आणि त्यांची लग्नातली विजार त्यांना होत नव्हती ती ढिली करायला घेऊन आले होते. एरवी सरळ आत येणारा माणूस, पण आज उंबऱ्यावरच थांबला; रांगोळी ओलांडायची नसते तसा.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"आईनं. तिला तिच्या आईनं. विजार तिकडं खुंटीवर अडकवा."

"हा पॅराबोला आहे, बाई."

"असेल. आमच्यात महिरप म्हणतात."

"मराठीत अन्वस्त म्हणतात. पुस्तकात."

"कुणी म्हणतं का पण?"

सरांनी प्रामाणिकपणानं विचार केला आणि म्हणाले, "नाही." मग मी पुडीचा कागद पुढं केला. त्यांनी तो उजेडात धरला, हसू लागले, हसता हसता चष्मा काढून पुसला. कागद त्यांच्याच तासाचा होता. "मंगळवारी शिकवलं. शुक्रवारी रद्दीत! निदान परीक्षेपर्यंत तरी ठेवायची वही." मी म्हटलं, "सर, त्या पोराचं असू द्या. बरोबरच्या पुढं काय होतं ते सांगा." माझा आवाज जरा चढला असावा, कारण त्यांनी विजार खाली ठेवली आणि ओसरीच्या कडेला टेकले. बोटानं दाखवत गेले. मोठ्या त्रिकोणात जेवढं मावतं त्याचा चौथा हिस्सा खांद्यावरच्या दोघांत मिळून मावतो. त्या चौथ्याचा चौथा चौघांत मिळून. पुढं आठ त्रिकोण आले की त्या चौथ्याच्या चौथ्याचा चौथा. दरवेळी थोडी जागा उरते, दरवेळी ती भरायची, ते कधीच संपत नाही. "मग उत्तर कसं येतं?" "संपत नाही म्हणूनच येतं," सर म्हणाले, आणि असं म्हणून झाल्यावर शिकवणारी माणसं खडू झाडतात तशी त्यांनी बोटं झाडली.

आणि मला एकदम भाकरीचा वास आला. कोल्हारच्या अलीकडं उसाच्या फडाशेजारी आमची खोपी होती. आई पाथर्डीकडून ऊस तोडायला आलेली, वडील नव्हते, आम्ही तिघीच. कधी कधी तिघींत भाकरी एकच. आता भाकरीचे तीन सारखे वाटे करून दाखवा बरं! चार होतात, मोडली की चतकोर पडतो. तीन पडत नाहीत, एकीला लहान जातं आणि मग रडारड. आई चार चतकोर करायची. प्रत्येकीला एक. उरला एक. त्याचे पुन्हा चार, प्रत्येकीला एक, उरला एक. त्याचेही चार. आक्का सात वर्षांची असेल, ती डोळ्यांत तेल घालून आईच्या बोटांकडं बघायची. भाकरीचा तुकडा होता होता कण व्हायचा, आई तो कण नखावर धरून म्हणायची, "आता ह्याचं चार कोन करनार?" आणि तो चिमणीकडं उडवून द्यायची. भूक काही फार भागत नसे, पण त्या खेळापायी जेवण लांबायचं, आणि लांबलेलं जेवण पोट भरल्यासारखं वाटतं हे आईला ठाऊक होतं. मला तर वाटायचं लोकांच्यात भाकरी उगाच पटकन संपते. तर पहिला चतकोर, मग चतकोराचा चतकोर, मग त्याचाही, असं एकीच्या ताटात शेवटी किती पडलं? तिघी होतो. तिघींना सारखं पडलं. कुणाचं काही राहिलं नाही.

"तिसरा हिस्सा," मी म्हटलं.

सरांनी कागद खाली ठेवला. "काय?"

"चौथा, चौथ्याचा चौथा, असं करत गेलं की एकूण तिसरा हिस्सा होतो. मोठा त्रिकोण एक, आणि वर त्याचा तिसरा हिस्सा. हेच होतं का फाटक्या कागदावर?"

"हेच होतं," सर अगदी हळू म्हणाले. "कसं काढलंत?"

"खाल्लंय मी ते," मी म्हटलं.

मग पुढचं शिंपीणकामच होतं. चौकोनाला छत्तीस इंच लागतं, मोठा त्रिकोण त्याच्या निम्मा, म्हणजे अठरा. अठराचा तिसरा हिस्सा सहा. अठरा न् सहा चोवीस. पन्हा तर महिरपीच्या तळाएवढाच, अठ्ठेचाळीस. चोवीस! आणि माझ्याकडं किती होतं? चोवीस. एक दोरा कमी नाही, एक दोरा जास्त नाही. मला त्या क्षणी असं वाटलं की आईनं लुगडं नेसताना, धुताना, वाळत घालताना, कुठल्या जागी विरू द्यायचं आणि कुठल्या नाही हे पुढचं बघून ठरवलं होतं. मी राहात्याकडं तोंड करून मोठ्यानं "पुरतं गं!" असंच म्हणणार होते. सर गेले. जाताना दोऱ्यांना पाय लागू नये म्हणून भिंतीला पाठ घासत गेले, आणि विजार सांगायची राहिली म्हणून पुन्हा तसेच घासत आले. "दीड इंच ढिली करा. दोन केलीत तरी चालेल." मी हो हो म्हटलं. माझं लक्ष कुठं होतं त्यात! माझ्या अंगात चोवीसचा आकडा ढोलासारखा वाजत होता. एवढ्या वर्षांत मला असा आनंद झाला नव्हता. लग्नात झाला असेल, पण तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि नथ टोचत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कात्री लावली. चोवीस बाय छत्तीसचा तुकडा काढला, तो या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत कापला, की मोठ्या डोंगराचे दोन अर्धे मिळतात. कात्री इरकलीत कुरकुरत गेली, कापड रेघेवरून केसभरही हललं नाही. मांजरपाटाच्या अस्तरावर महिरप आखून ठेवली होती. दोन्ही अर्धे त्यावर मांडले. देखणे बसले. डोंगर उभा राहिला, आक्काचा डोंगर, माझा डोंगर. मग मी टाके घालायला कड आत दुमडली, आणि दुमडता दुमडता थांबले.

शिवण धरलीच नव्हती मी. शिवणीचं कापड! शिंप्याच्या घरात पाय टाकला की पहिल्या दिवशी शिकवतात ते. मापावर कधी कापायचं नाही, मापाबाहेर पाव इंच कापायचं, ते आत दबतं, दिसत नाही, पण त्याच्यावर सगळं उभं असतं. वीस वर्षं मी लोकांना सांगत आले, आणि एक आकडा ऐकला तर नव्या सुनेसारखी हुरळून सगळं विसरले. मधल्या सांध्यानं थोडं खाल्लं, कडांनी थोडं खाल्लं. खांद्यावरची पोरं अजून कापायची होती, त्यांना शिवण धरली तर तीही तेवढी लहान पडणार. मांडून बघितलं. डोंगराच्या दोन्ही उतारांवर, तळापासून शेंड्यापर्यंत, बोटाएवढी रुंद फट. तिच्यातून पांढरा मांजरपाट दात काढून हसत होता. तुकडे जवळ सरकवले तर महिरपीचं वळण मोडायचं, शेंडा एकटाच वर आल्यासारखा दिसायचा. चार वाजता आमचे हे एस. टी.च्या वर्कशॉपातून आले, ऑईलचे हात घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "काय प्रोफेसरीणबाई, पुरलं का कापड?"

"हिशेब बरोबर आहे," मी म्हटलं. "शिवण धरली नाही."

बन्सीलाल म्हणजे माझा नवरा हसला की शेजारच्यांना कळतं. ते हसले, बसले, पुन्हा हसले. "अगं, उद्या आमी गाडी जोडायची आन नटबोल्टाला जागाच ठिवायची न्हाई!" मग माझ्या तोंडाकडं बघून एकदम थांबले. हात धुऊन आले, स्वतः चहा टाकला, माझा कप माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "टेरिलिनचं आनू का हिरवं? कापडबाजारात मिळंल." त्या माणसाकडं मी तेव्हा रागानं बघितलं, पण आता आठवतं की त्यांनी कपाखाली बशी ठेवली होती, जी ते कधी ठेवत नाहीत.

हातांना काही तरी सोपं द्यावं म्हणून मी सरांची विजार ओढली. मागची शिवण उसवायला घेतली. ब्लेडच्या टोकानं एक टाका, दुसरा टाका, उसवत जाताना डोक्यात काही नसतं, बरं असतं. त्या विजारीचा रंग उडून राखाडीच्या जवळ आला होता. शिवण उघडली आणि आत दबलेलं दीड इंच कापड बाहेर आलं. कॉफीचा असा गर्द रंग! सर लग्नात असे दिसत असतील तर. उन्हात न गेलेलं, खुर्चीवर न घासलेलं, पंधरा वर्षं आत गप्प बसून राहिलेलं कापड. मी त्याच्याकडं बघत राहिले. मग उठले, विजार तशीच खाली पडली, आणि चिंध्यांच्या गाठोड्यात हात घातला.

लुगडं मध्ये विरलं की आमच्या बायका ते टाकत नाहीत. विरलेला भाग कापून काढतात आणि दोन चांगल्या कडा एकमेकींना आडव्या शिवून टाकतात. त्याला दंड घालणं म्हणतात. आईच्या या लुगड्यालाही दंड होता, तिनं स्वतः घातलेला, कोल्हारला असताना. मला तो आठवत होता कारण तिच्या मांडीवर डोकं ठेवलं की गालाला टोचायचा. माझ्या चोवीस इंचांच्या पलीकडं तो दंड होता, जाड, निबर, म्हणून मी तो चिंधीत टाकला होता. महिरपीला त्याचा काय उपयोग! आता मी तो उजेडात धरला. आईचे टाके तिळाएवढे. उसवायला जीव होईना, पण ब्लेड लावलं. टाका निघाला की कापडात भोक दिसायचं, भोकांची रांग लागत गेली, आणि शिवण हळूहळू उघडली. दोन्ही बाजूंना दोन दोन बोटं कापड आत दाबलेलं. इतकं कुणी दाबत नाही. अर्धं बोट पुरतं. दोन पट्ट्या निघाल्या, पन्ह्याएवढ्या लांब, आणि हिरव्या! मी ज्या लुगड्याला जन्मभर हिरवं म्हणत आले ते हिरवं नव्हतंच, ते हिरव्याची आठवण होतं. हे खरं हिरवं. फडात पहाटे उसाचं पान असतं तसं. आई हे लुगडं नेसून पहिल्यांदा नगरच्या बाजारातून निघाली असेल तेव्हा ती कशी दिसली असेल ते मला तिच्या मरणानंतर तीन वर्षांनी, सरांच्या विजारीमुळे दिसलं.

"अहो," मी हाक मारली, "इकडं या, आई बघा."

आमचे हे या खेपेला आधी हात धुऊन आले, मग बघितलं.

पट्ट्या उतारांवर फटीखाली घातल्या. त्रेचाळीस इंचांचे उतार आणि अठ्ठेचाळीसच्या पट्ट्या. डोंगर पुन्हा उभा राहिला, आता त्याच्या दोन्ही बाजूंनी ताज्या हिरव्याची रेघ. खांद्यावर पोरं लावली, त्यांच्या खांद्यावर चार नातवंडं, जोडून जोडून. त्याच्यापुढच्या फटी नखाएवढ्या राहिल्या. त्यात बसेल एवढा तुकडा सुईला धरवत नाही. शिवणीच्या पोटातच जाईल सगळा. तिथं मी हिरव्या दोऱ्याचे टाके भरले. सर विजार न्यायला आले तेव्हा त्यांना मी हेही सांगितलं, की तुमच्या गणितात शिवण धरत नाहीत, ती एक धरायला पाहिजे. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "तिथं कापड आणि दोरा दोन्ही नसतात हो. म्हणून निभतं." विजार त्यांना छान बसली. पोरांना आता हाही एक तास देईन म्हणाले.

राहात्याला बारशाच्या दिवशी महिरप टांगली तेव्हा आक्का हातात हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली ती थेट भिंतीपाशीच. पाळण्यात तिची नात मुठी चोखत पडली होती, भोवती बायका, आणि आक्का महिरपीला नाक लावून टेरिलिन शोधत होती. डाव्या उताराच्या रेघेवर तिचं बोट थांबलं.

"हे काय हिरवं? हे आईचं न्हाई."

"आईचंच आहे. दंडातलं. दोन बोटं दाबलं होतं तिनं."

"दोन बोटं?" आक्का म्हणाली. "येवढं कोन दाबतं?" आणि मग तिचं बोट खालून वर, शेंड्यापर्यंत, हळूहळू चढत गेलं. वरून दुसऱ्या उतारानं खाली आलं. ताट तिनं कुणाच्या तरी हातात दिलं. मला वाटलं आता रडते, आणि बारशाच्या दिवशी रडलं तर बायका काय म्हणतील म्हणून मीच घाईनं विचारलं, "पुरलं ना पण?" तिनं निऱ्यांजवळ आपलं अंगावरचं लुगडं ताणून उजेडात धरून बघितलं, तिथं सूत पातळ झालेलं दिसत होतं.

"मने," ती म्हणाली, "हे माजं मधी विरत चाललंय. जायच्या आदी दंड घालून दे. आन शिवन चांगली दोन बोटं दाब."

"चालताना टोचेल गं."

"टोचू दे," आक्का म्हणाली, आणि पाळण्याची दोरी ओढली.